टेपचं शेपूट

हॉस्पिटलच्या तळघरात सव्वीस वर्षं घालवली की माणसाचं काम तेवढं वरच्या मजल्यावर पोहोचतं, नाव पोहोचत नाही. त्यांना सगळे वाफवाल्या बाई म्हणत. ऑपरेशनला लागणाऱ्या कात्र्या, चिमटे, हातोड्या खाली येत. त्या धुवायच्या, पुसायच्या, जाड हिरव्या कागदात बांधून त्यांचे पॅक करायचे, ते मोठ्या मशीनमध्ये वाफेवर निर्जंतुक करायच्या आणि वर पाठवायच्या, हे त्यांचं काम. वर सर्जनमंडळी नाव कमवत, खाली बाई घाम गाळत. त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं असायचं ते फक्त ओल्या पॅकबद्दल, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. ओला पॅक वर पाठवणारा आणि पाहुण्यापुढे उष्टं ताट ठेवणारा, दोघं बाईंच्या लेखी एकाच लायकीचे.

पॅक बांधून झाला की त्यावर एक टेप लागे. या टेपवर फिकट रेघा असतात आणि पुरेशी वाफ मिळाली की त्या काळ्या पडतात. काळ्या रेघा दिसल्या की वरची सिस्टर डोळे मिटून पॅक उघडते. टेपवर बाई तारीख घालत, सही करत आणि तिचं टोक अर्धा इंच दुमडून ठेवत, म्हणजे घाईच्या वेळी कुणाला नखाने खरवडत बसायला नको. या दुमडलेल्या टोकाला खाली सगळे शेपूट म्हणत. शेपूट उजवीकडेच हवं. देवाने दहा आज्ञा दिल्या, ही अकरावी बाईंनी दिली होती.

अशा बाईंना एका सोमवारी मेट्रनने वर बोलावलं आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

कारण होतं एका मुलीचा पाय. एकोणीस वर्षांची पोर, स्कूटरवरून पडली, नडगीचं हाड मोडलं. हाडाला धातूची पट्टी बसवायचं ऑपरेशन ठरलं. असली ऑपरेशनं रोज होतात आणि माणसं दोन महिन्यांत चालायला लागतात. हिच्या हाडात जंतू शिरले. सात आठवडे औषधं झाली, आणखी तीन ऑपरेशनं झाली आणि शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जंतू आले कुठून, याचा शोध घेताना सर्जन सुटले, ऑपरेशन थिएटरची हवा सुटली, पट्टी बनवणारे सुटले. उरली ती हत्यारं. मशीनचा त्या दिवसाचा आलेख चोख होता, म्हणून मग कागदावर असं लिहिलं गेलं की बाईंनी पॅक ओला असतानाच बाहेर काढला असणार. सगळा आरोप त्या एका 'असणार'वर उभा होता, पण मोठ्या टेबलावर लिहिलेला 'असणार' खाली येईपर्यंत 'होता' होतो.

बाईंना सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ती मुलगी परकी नव्हती. तिची आई त्याच हॉस्पिटलात थिएटरमध्ये मदतनीस होती आणि बाईंच्याच चर्चची. डावखुरी, म्हणून तिला सगळे डावरी म्हणत. नवरा लवकर गेलेला, पदरात ही एकच पोर. बारा वर्षांपूर्वी डावरी पहिल्यांदा कामाला लागली ती तळघरात, बाईंच्या हाताखाली. शाळा सुटली की पोर तिथेच येऊन बसायची आणि वाफेने गरम झालेल्या भिंतीला पाठ टेकून अभ्यास करायची. तिचा पडलेला पहिला दुधाचा दात बाईंनी चिमट्यांबरोबर वाफवून डबीत घालून दिला होता. डावरी तेव्हा हसून म्हणाली होती, "एवढा स्वच्छ दात राजाच्या पोरीचाही नसेल!"

तीच डावरी रविवारी उपासना संपल्यावर, लोक अजून बाकांच्या मधल्या वाटेत उभे असताना, बाईंच्या समोर आली.

"माझ्या पोरीचा पाय द्या, बाई."

"अगं, मी..."

"काही सांगू नका. टेपवर तुमची सही आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिली मी फाइलमध्ये. मी तुमच्याकडे शिकले, तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि तुम्ही माझ्याच पोरीच्या वेळी झोपलात?"

कुणी मध्ये पडलं नाही. चर्चमधली माणसं वाईट नव्हती, पण समोर पाय गेलेल्या मुलीची आई उभी असताना दुसऱ्या बाजूला उभं राहायला छाती लागते, आणि ती त्या रविवारी सगळ्यांनी घरी ठेवली होती. बाईंचे यजमान पुस्तक बांधणी करायचे. त्यांनी बायकोचा दंड धरला आणि तिला बाहेर काढलं. रस्ताभर ते एकच म्हणत होते, "चोर सोडून संन्याशाला फाशी! दुसरं काय?"

चर्चचे पाळकसाहेब बुधवारी घरी आले. गरीब स्वभावाचा माणूस. चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ त्यांनी हवापाण्यावर काढला. मग म्हणाले, "बाई, मी दोष देत नाही. पण देव कारणाशिवाय कुणाला असं उभं करत नाही. मनाच्या एखाद्या कोपऱ्यात काही राहून गेलं असेल, तर ते त्याच्यापुढे मोकळं करावं."

"कोपऱ्यात ओला पॅक राहिला असेल, असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"तसं नाही. आणि ती शनिवारची बायकांची प्रार्थना... थोडे दिवस दुसऱ्या कुणी चालवली तर बरं. लोकांची मनं जरा..."

"चालवू दे," बाई म्हणाल्या. "चहा गार होतोय."

पाळकसाहेब गेले, पण वाक्य गेलं नाही. देव कारणाशिवाय काही करत नाही. बाईंना ते ओळखीचं वाटत होतं, आणि कप विसळता विसळता आठवलं की ते त्यांचंच आहे. चार वर्षांपूर्वी गायकवृंदातल्या एका तरुण बाईचं बाळ जन्मून दोन दिवसांत गेलं होतं. तिला भेटायला गेल्यावर बाईंनी तिचा हात हातात घेऊन अगदी हेच म्हटलं होतं, आणि आपण काहीतरी शहाणपणाचं बोललो म्हणून समाधानाने घरी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"मी तुला एकदा काहीतरी बोलले होते. चुकलं माझं. मला काही माहीत नव्हतं."

ती बाई दारातून बाजूला सरकली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही विसरला असाल."

"विसरलेच होते गं. म्हणून तर यायला इतका उशीर झाला."

बाईंची प्रार्थना म्हणजे आधीपासूनच थोडंफार भांडण असे. त्या तीन आठवड्यांत ते उघड उघड झालं. यजमान दुकानात गेले की त्या स्वयंपाकघरात स्टूलवर बसून बोलत. "त्या दिवशी मशीनपुढे मी होते आणि तू होतास. साक्षीदार दोघंच. त्यातल्या एकीला घरी बसवलंय आणि दुसरा तोंड उघडत नाही. काय म्हणू मी तुला?" उत्तर येत नसे. बाई उठून भांडी घासत, पुन्हा येऊन बसत. "मी तुझ्यावर रागावलेय. पण तुला सोडून रागवायला तरी जाऊ कुठे?"

एकदा अशाच बसल्या असताना त्यांच्या मनात आलं की ज्याच्याशी आपण भांडतोय त्यालाही एका चौकशीपुढे उभं केलं होतं. घाईघाईने, साक्षीदार गोळा करून, निकाल आधीच ठरवून. त्याने काही केलेलं नव्हतं. त्याची माणसंही बाहेरच्या बाहेर पांगली होती. हे बाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या, दरवर्षी गुड फ्रायडेला त्यावर डोळे पुसत आल्या होत्या, पण त्या दिवशी स्टूलवर बसून ते पहिल्यांदा अंगावर आलं. दुखणं त्यामुळे कमी झालं नाही. एवढंच झालं, की आपलं बोलणं भिंतीला नाही, हे सगळं सोसलेल्या कुणालातरी ऐकू जातंय, असं वाटलं. चौकशीच्या दिवसापर्यंत त्यांनी तेवढंच घट्ट धरून ठेवलं.

कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. म्हणणाऱ्याला कधी चौकशीसाठी बाकावर बसवलेलं नसतं. सकाळी दहाची वेळ, लांबलचक टेबल, त्यामागे तिघं. मधे हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, एका बाजूला मेट्रन, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या हॉस्पिटलातून मुद्दाम बोलावलेल्या जाड चष्म्याच्या एक बाई. खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन, डावरी. ती बाईंकडे बघत नव्हती.

हाडात धातू बसवायचा असला की पॅकचा टेप लावलेला कागद कापून पेशंटच्या फाइलला जोडायचा, असा तिथला नियम होता. मोठ्या डॉक्टरांनी ते पान उघडलं.

"ही सही तुमची?"

"हो."

"तारीख?"

"माझ्याच हातची."

"म्हणजे पॅक तुमच्याकडून गेला. मग आता यात बोलायचं काय राहिलं?"

"एकदा हातात घेऊन बघू का?"

फाइल टेबलावरून सरकत आली. बाईंनी चष्मा लावला. हिरवा कागद, टेप, काळ्याभोर रेघा. पॅकला पुरेशी वाफ मिळाली होती, यात शंकाच नव्हती. मग त्यांची नजर अडकली. शेपूट डावीकडे होतं.

आधी वाटलं, कागदच उलटा जोडलाय. म्हणून त्यांनी कागदावरचा छापील बाण पाहिला. बाण बरोबर होता, वर. सही मात्र डोक्यावर उभी होती. बाईंनी फाइल खिडकीच्या उजेडाकडे तिरकी धरली. टेपच्या खालीच, बोटभर अंतरावर, कागदावर डिंकाचा एक पिवळसर पट्टा होता. टेप वाफेत तापली की तिचा असा माग कागदावर उमटतो आणि मग तो जात नाही. म्हणजे टेप आधी तिथे होती. कुणीतरी ती काढली होती, पॅक उघडला होता, पुन्हा मिटला होता आणि तीच टेप, काळ्या रेघांची, तारखेची, सहीची, फिरवून परत चिकटवली होती. बाहेरून बघणाऱ्याला पॅक ताजा दिसावा इतकी नीट.

बोललास रे बाबा, बाईंनी मनात म्हटलं. एकदाचा बोललास!

आणि पुढच्याच क्षणाला त्यांना कळलं की तो काय बोललाय.

सव्वीस वर्षांत शेपूट डावीकडे लावणारं एकच माणूस त्यांनी पाहिलं होतं. बारा वर्षांपूर्वी, तळघरात, रोज. त्या ओरडायच्या, ते माणूस हसायचं, उजव्या हाताने लावायचा प्रयत्न करायचं आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. शेवटी तिची वर बदली झाली तेव्हा बाईंनी अकराव्या आज्ञेच्या वतीने सुटकेचा श्वास सोडला होता.

त्यांनी मान वर केली. डावरी आता त्यांच्याकडेच बघत होती.

"काय झालं?" चष्म्याच्या बाईंनी विचारलं.

"हा पॅक मधे उघडलेला आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "टेप काढून परत लावलीय. हा डिंकाचा माग इथे आहे, टेप इथे. आणि शेपूट डावीकडे आहे. आम्ही ते उजवीकडे ठेवतो."

खिडकीजवळ पिशवी हलली. डावरीने डावा हात पिशवीखाली घेतला. बाईंनी तिचा चेहरा बघितला. तो चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. तिला हे आत्ता, या क्षणी कळत होतं. इतके आठवडे तिने खरोखरच बाईंना दोषी मानलं होतं. एखाद्याला आपल्याच हातातली सुरी दिसावी तशी ती स्वतःच्या मांडीकडे बघत राहिली.

मोठे डॉक्टर हसले. "शेपूट उजवीकडे की डावीकडे, यावर चौकशी बंद करायची का आम्ही?"

"थांबा," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. त्यांनी फाइल ओढून घेतली. "माग आहे खरा. कुणी लावली असेल परत? काही कल्पना?"

एक शब्द. बाईंच्या जिभेवर तो शब्द तयार होता, वजनाला अगदी हलका. तो टाकला की नोकरी परत, शनिवारची प्रार्थना परत, चर्चच्या मधल्या वाटेने ताठ मानेने चालणं परत. आणि वरती तिसऱ्या मजल्यावर एक पाय नसलेली पोर, जिला रोज उठून बसवणारं, धीर देणारं माणूस जगात एकच. आज संध्याकाळी तिला तिसऱ्याच कुणाकडून कळेल की आपला पाय त्याच माणसाच्या हातून गेला.

देवा, हे माझ्या हातात देऊ नकोस, बाई मनात म्हणाल्या. पण ते दिलेलंच होतं.

"मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या.

"अंदाज?"

"अंदाजाने मी कुणाचं नाव घेणार नाही. माझ्यावर अंदाजानेच आरोप झालाय. त्याची चव मला माहीत आहे." मग त्यांचा आवाज चढला. "पण नियम आजच्या आज बदला. पॅक उघडला की टेप तिथल्या तिथे कात्रीने कापायची, अख्खी सोडायची नाही. नाहीतर हे उद्या पुन्हा होईल आणि आणखी कुणाच्या पोराचा पाय जाईल. माझं काय करायचं ते करा, पण हे लिहून घ्या."

मेट्रनने लिहून घेतलं. पाव तासाने निकाल सांगितला. कात्रीचा नियम मंजूर झाला. पॅक परत कुणी बांधला याचा पुरावा नाही, सही बाईंची, जबाबदारी बाईंची. म्हणून बाईंची वाफेच्या खोलीतून मळक्या कपड्यांच्या विभागात बदली. नियम मान्य, नियम सांगणारी दोषी. अशी गंमत मोठ्या टेबलांवरच जमते.

मळक्या कपड्यांची खोली तळघराच्या दुसऱ्या टोकाला होती. वरच्या सगळ्या वॉर्डांतून चादरी, गाऊन, टॉवेल एका मोठ्या नळकांड्यातून धप्पकन खाली येऊन पडत. जाड हातमोजे घालून ते वेगळे करायचे. रक्ताचे इकडे, लघवीचे तिकडे, खिशात राहिलेल्या सुया डब्यात. जुन्या खोलीतली पोरं समोरून गेली की नजर चुकवत. बाईंनी बरोबर केलं की नाही, यावर वाद घालता येईल. बाई स्वतःशी रोज घालत होत्या. कधी वाटे, आपण एका आईला वाचवलं. कधी वाटे, कसली आलीय आई, उगाच मोठेपणा मिरवतेय मी. रागाच्या भरात एकदा त्या मेट्रनच्या दारापर्यंत जाऊन आल्या. दार बंद होतं. ते उघडं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं.

यजमानांना तर काहीच सांगितलेलं नव्हतं. एका संध्याकाळी ते म्हणाले, "अगं, ती टेप कुणी लावली ते तुला माहीत आहे."

"कशावरून?"

"तीस वर्षं काढलीत तुझ्याबरोबर. तू गप्प बसतेस ती दोनच वेळा. एक, दूध उतू गेल्यावर, आणि दोन, कुणाचं तरी झाकायचं असल्यावर. आणि दूध तर आज आपल्याकडे नव्हतंच."

बाई हसल्या नाहीत. यजमान पुढे म्हणाले, "नको सांगूस. पण त्या चर्चची गीतांची पुस्तकं मी आता फुकटात बांधणार नाही, सांगून ठेवतो. आमच्या बायकोला प्रार्थना चालवू देत नाहीत आणि पानं सुटली की आमच्याकडे!"

"पुस्तकांनी काय घोडं मारलंय तुमचं?" बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यापुरतं घर जरा मोकळं झालं.

प्रार्थनेत मात्र आता भांडायलाही बळ उरलेलं नव्हतं. त्या नुसत्या म्हणत, "माझं नाव तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिलं तर मी ते वापरून बसेन." आणि कामाला लागत.

बाराव्या दिवशी, दुपारी, नळकांड्यातून चादरी पडत असताना दारात डावरी उभी होती. ती निम्मी झाली होती. बाईंनी हातमोजे काढले नाहीत.

"तुम्हाला कळलं होतं," डावरी म्हणाली.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी हातातली चादर ढिगावर टाकली. "आधी तू बोल. काय झालं होतं त्या दिवशी?"

डावरी सांगू लागली. "आदल्या दिवशी तो पॅक दुसऱ्या पेशंटसाठी उघडला होता. त्याला ताप आला, ऑपरेशन रद्द झालं. आतल्या हत्यारांना कुणी हातसुद्धा लावला नव्हता, बाई. तसाच उघडा कपाटात राहिला रात्रभर. सकाळी माझ्या पोरीचा नंबर, आणि दुसरा सेट तयार नाही. खाली पाठवला असता तर दोन तास. डॉक्टर थांबणार नव्हते, म्हणाले, मग पुढच्या आठवड्यात बघू. पोर आत वेदनेने ओरडत होती. मी कागद मिटला. टेप होतीच. मला वाटलं, हात तर लागलेला नाही, काय होतंय?" तिने हाताने तोंड पुसलं. "आणि नंतर मी ते विसरले. खरंच सांगते, विसरले. तुम्ही डावीकडे म्हणालात तेव्हा माझा हात मला आठवला."

"बस इथे," बाई म्हणाल्या.

ती बसली नाही. "मी तुम्हाला सगळ्यांसमोर काय काय बोलले! आणि देव... देवाने मला शिक्षा केली का? मग पाय तिचा का घेतला? माझा घ्यायचा होता. मी काय केलं होतं असं आधी, की त्याने..."

बाईंनी आता हातमोजे ओढून काढले आणि तिचे दोन्ही खांदे धरले. त्यांचा आवाज कठोर झाला.

"ऐक. देव शिक्षा करतोय, कारणाशिवाय काही होत नाही, हे मला महिनाभर सगळ्यांनी सांगितलंय. मी स्वतः दुसऱ्यांना सांगितलंय. मी त्याच्या तळाशी जाऊन बघून आलेय. तिथे काही नाही. तू चुकलीस. मोठी चूक केलीस. ती चूक आहे, देवाचा दंडुका नाही. पोरांचे पाय मोडून आयांना धडे शिकवणारा तो नाही. मोडलेल्या माणसाशेजारी बसणारा आहे. मला बारा दिवस या घाणीत त्याने एकटं सोडलं नाही, म्हणून सांगतेय. ऐकीव नाही हे."

डावरी बाईंच्या खांद्यावर कोसळली आणि रडली. नळकांड्यातून आणखी एक गठ्ठा पडला. दोघींनी तिकडे पाहिलं नाही.

"मी मेट्रनकडे जाते आता," शेवटी ती म्हणाली.

"आधी पोरीकडे. तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. म्हणून बोलले नाही मी."

"तुम्ही येता?"

दोघी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मुलगी खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. चादर एका बाजूला सपाट होती. बाईंना पाहून तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुम्ही कशाला आलात?"

बाईंना ते लागलं, चांगलंच लागलं. खरं काय ते सांगून टाकायला एवढं कारण पुरे होतं. त्यांनी डावरीचा हात धरला आणि गप्प राहिल्या. डावरी आता बोलणार नाही, पळून जाणार, असं बाईंना वाटलं. दारावरची सिस्टर आत डोकावून गेली.

"बाळा," डावरी म्हणाली, "तो पॅक उघडलेला होता. टेप मी लावली परत. या बाईंनी काही केलेलं नाही. मी केलं."

मुलीने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिच्या मानेची शीर उडताना दिसत होती. बाई मनातल्या मनात एकच शब्द म्हणत होत्या, प्रभू, प्रभू, पुढचं काही सुचत नव्हतं.

"माझं ऑपरेशन पुढे जाऊ नये म्हणून?" मुलीने खिडकीकडे बघतच विचारलं.

"हो."

"मी ओरडत होते म्हणून?"

मुलीचे ओठ वाकडे झाले, लहानपणी रडायच्या आधी व्हायचे तसे. "आई, मला तुझा खूप राग आलाय," ती म्हणाली. "खूप." आणि तिने हात पुढे केला.

बाई मागच्या मागे बाहेर पडल्या. दार लावलं, सिस्टरला सांगितलं की तासभर आत कुणाला सोडू नको, आणि जिना उतरायला लागल्या. पहिल्या मजल्यावर पोहोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण सुटलो. महिनाभर ज्याच्यासाठी देवाशी भांडलो ते आपलं नाव मघाशी त्या खोलीत मोठ्याने उच्चारलं गेलं, निर्दोष म्हणून, आणि आपण ते ऐकलंसुद्धा नाही. आपण तेव्हा त्या पोरीच्या मानेकडे बघत होतो.

बाई पायरीवर बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता पोटभर रडल्या.